वलांडीवरची होल्स्टरं

अख्ख्या पालघर जिल्ह्यात जुन्या होल्स्टरांचा संग्राहक म्हणून माझा पहिला नंबर लागतो. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण दुसरा कोणी संग्राहकच नाही!

होल्स्टर म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कमरेला अडकवायचं कव्हर. पोलिसांची, लष्कराची, चामड्याची, कॅनव्हासची, आपली नोकरी इमानेइतबारे करून निवृत्त झालेली अशी अकरा होल्स्टरं माझ्याकडे आहेत. एक युद्धकाळातलं, खाकी कॅनव्हासचं. त्याच्या आत नळी साफ करायची सळई ठेवायला वेगळा कप्पा शिवलेला आहे. सालवडचा भंगारवाला त्यात पाने आणि पेचकस ठेवायचा! ते बघून मला भर दुकानात गहिवरून आलं होतं. दुसरं मनोरला, हायवेवरच्या जुन्या सामानाच्या दुकानात खुंटीला लटकत होतं. तपकिरी चामडं, वर मोठं झाकण, पितळी बटण आणि खांद्यावरून घ्यायचा पट्टा. अस्सल पोलिसी! ते मी घरी आणलं तेव्हा रात्री दोनदा उठून बघितलं. लग्नानंतर प्रेमलाला नसेल बघितलं एवढ्या वेळा. आणि हे मी प्रेमलासमोर बोलून गेलो, ही माझी चूक.

पण संग्राहकाचं दुःख वेगळंच असतं. मी होल्स्टर हातात देतो, इतिहास सांगतो, शिवण दाखवतो. समोरचा माणूस शांतपणे ऐकतो, झाकण उघडतो, आत डोकावतो आणि विचारतो, "आतलं कुठाय?"

सगळे हेच विचारतात! गॅस आणून देणारा विचारतो. कंपनीतले सहकारी विचारतात. आमच्या सोसायटीचा वॉचमन तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "साहब, अंदर का सामान किधर है? मैं किसी को नहीं बोलूंगा."

"अहो, आतलं नसतंच!" मी सगळ्यांना सांगतो. "आतलं ठेवायला परवाना लागतो. बाहेरचं ठेवायला नजर लागते!"

"नजरच लागलीय, आपल्या घराला," प्रेमला म्हणते.

भांडण होतं ते हॉलमधल्या शोकेसवरून. उंच काचेची शोकेस, आत दिवा आणि त्या दिव्याखाली काय? तर प्रेमलाचे कपबश्यांचे सेट, जे पाहुण्यांनासुद्धा कधी दिले जात नाहीत! आणि माझी होल्स्टरं पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत! माझा जीव तुटायचा. तेवढ्यात पालघरला छंद प्रदर्शन भरणार असल्याची बातमी आली. नाणीवाले, तिकिटंवाले, काडेपेटीवाले दरवर्षी मिरवून घेतात. यंदा मी अर्ज केला आणि मला चक्क एक टेबल मिळालं!

"आता बघ," मी प्रेमलाला म्हणालो. "लोक तोंडात बोटं घालतील."

"अहो, आजपर्यंत ह्या पिशव्यांना एक माणूस तरी 'वा' म्हणालाय?"

"पिशव्या नव्हेत. होल्स्टरं!"

"जे असेल ते. प्रदर्शनात एक, फक्त एक माणूस मनापासून 'वा' म्हणाला, तर शोकेस तुमची. मी स्वतःच्या हाताने कपबश्या काढीन. नाही म्हणाला, तर सोमवारी सगळी ट्रंक सालवडच्या भंगारवाल्याकडे!"

"ठरलं!" मी म्हणालो. एका 'वा'साठी कसली काळजी करायची? पालघरची माणसं कौतुकाला कधीच कमी पडत नाहीत.

प्रदर्शन रविवारी. शनिवारी सकाळी मी ट्रंक उघडली आणि मटकन खाली बसलो. होल्स्टरांना बुरशी! पावसाळाभर बंद राहिलेल्या त्या ट्रंकेत अकराच्या अकरा होल्स्टरं पांढरी फटक पडली होती. पितळी बटणांवर हिरवा कळंक. मनोरच्या माझ्या लाडक्या होल्स्टराला तर दाढी आल्यासारखं दिसत होतं! मऊ फडक्याने पुसून बुरशी निघाली, पण चामडं आतून ओलसरच होतं. इंटरनेटवरचे एक तज्ज्ञ म्हणतात की चामडं तापवायचं नाही, मोकळ्या वाऱ्यावर सुकवायचं आणि सुकल्यावर दिवसभर झाकण उघडायचं नाही, नाहीतर घडीवर चीर जाते. आता बोईसरच्या फ्लॅटमध्ये मोकळा वारा कुठून आणू? आमच्या गॅलरीतून हात बाहेर काढला तर तो समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत जातो.

आणि मला एकदम सासूबाई आठवल्या!

माझी सासुरवाडी तारापूरजवळ, अगदी किनाऱ्यावर. मासेमारीवाल्यांचं गाव. तिथे प्रत्येक घराची बोंबील सुकवायची वलांडी असते. म्हणजे वाळूत रोवलेले बांबू आणि त्यांना ताणून बांधलेल्या दोऱ्या. दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून त्या दोऱ्यांवर टांगतात. वारा असा की ओला बोंबील पाहता पाहता काठीसारखा कडक होतो. होल्स्टरांना ह्याहून उत्तम जागा जगात नाही! मी स्कूटरला ट्रंक बांधली आणि निघालो.

सासूबाईंचं नाव हंसा, पण आवाज असा की होडीवरच्या माणसाला फोन करावा लागत नाही. वलांडीपाशी त्यांनी माझी ट्रंक उघडून पाहिली.

"जावयबापू, हे काय हाय?"

"होल्स्टरं, आई. पिस्तुलाची कव्हरं. जुनी आहेत. उद्या प्रदर्शनात मांडायचीत."

त्यांनी एकाचं झाकण उघडलं. "नि आतलं कुठं हाय?"

"आतलं नसतं, आई."

"नसतं?" त्यांनी दुसरं उघडलं. मग तिसरं. अकराही उघडून पाहिली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू मुलगी दिली ती चूकच झाली. "समदी रिकामीच? आनि हे तुमी दाखवायला नेनार?"

"हो ना!"

"बरं बाबा. पन कडंच्या दोरीवर घाला. माझ्या बोंबलांना चामड्याचा वास लागंल."

म्हणजे बघा, वासाची भीती कुणाला होती!

मी कडेच्या दोरीवर, छपराच्या सावलीत, अकरा होल्स्टरं ओळीने टांगली. समुद्रावरून झकास वारा येत होता. मग सासूबाईंनी ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी असं काही जेवायला घातलं, की हात धुतल्यावर मी ओटीवर पडलो तो थेट घोरायलाच लागलो.

आता मी झोपलेलो असताना काय झालं, ते मला नंतर कळलं. पण तुम्हाला आधी सांगतो, नाहीतर पुढचं खरं वाटायचं नाही.

माझा मेव्हणा रूपेश हा गावाच्या किनारा राखणाऱ्या तरुणांच्या दलाचा प्रमुख. समुद्रातून कुणी परका येतो का, ह्यावर ही मुलं डोळा ठेवतात. त्यांची परीक्षा घ्यायला अधूनमधून मॉक ड्रिल असते. साध्या वेषातले पोलीस समुद्रातून घुसखोर म्हणून येतात, आणि गावाने त्यांना ओळखून पकडायचं असतं. गेल्या वर्षी काय झालं? दोन घुसखोर सुकी मासळी घ्यायला आलेले व्यापारी बनून आले. सासूबाईंशी भावावरून भांडले, त्यांच्याकडेच जेवले, ताक पिऊन तृप्त झाले आणि जाताना दारावर कागद चिकटवून गेले, 'तुमचं गाव उडालं!' प्रमुखाच्याच घराच्या दारावर! वरच्या आळीची पोरं वर्षभर रूपेशला "काय रे, जेवन तयार हाय काय?" असं विचारत होती. बिचाऱ्याने यंदा शपथच घेतली होती. यंदाची ड्रिल नेमकी त्याच शनिवारी होती.

शेजारची बायडीकाकू आपले बोंबील उलटवायला वलांडीवर गेली आणि तिथून किंचाळतच रूपेशकडे धावली.

"रूपेस! आपल्या वलांडीवर पिस्तुलाची कव्हरं वालत घातलीत! अकरा!"

रूपेशने जाऊन पाहिलं. तो सकाळपासून किनाऱ्यावरच होता, त्यामुळे मी आलोय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि सासूबाई घरात भांड्यांत गुंतल्या होत्या. आता तुम्हीआम्ही काय म्हणालो असतो? कुणा वेड्याने ठेवली असतील. पण त्या गावात वलांडीवर जे टांगलेलं असतं, ते समुद्रातूनच आलेलं असतं आणि ओलंच असतं! रूपेशने क्षणात हिशेब लावला. घुसखोर पाण्यातून भिजत आले. भिजलेली कव्हरं त्यांनी वाळत घातली. पिस्तुलं घेऊन गावात शिरले. कव्हरं वाळली की न्यायला येणारच!

"अकरा कव्हरं रिकामी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "म्हंजे अकरा जन भरलेले फिरतायत!"

त्याने फोटो काढून पोलिसांना पाठवला. 'सापडले' असं लिहून वरच्या आळीच्या ग्रुपवरही टाकला, वर अंगठ्याची तीन चित्रं. मग सगळी खालची आळी वलांडीभोवतीच्या होड्यांमागे दबा धरून बसली. कुणाच्या हातात वल्हं, कुणाच्या हातात दोर. रूपेशकडे फेकायचं मोठं जाळं. माणसं कमी पडली म्हणून जाळ्याचं दुसरं टोक त्याने रस्त्याने चाललेल्या दोन बर्फवाल्यांच्या हातात दिलं.

आणि ह्या सगळ्या तयारीत मी जांभई देत उठलो!

बाहेर वाळू उडत होती. मी डोक्याला टोपी घातली, डोळ्यांना काळा चष्मा लावला, तोंडाला रुमाल बांधला. चोरपावलांनीच गेलो म्हणा ना, कारण वाळू तापली होती आणि चपला सापडत नव्हत्या. वलांडीवर सगळं शांत. होल्स्टरं खडखडीत सुकली होती! मी खूश झालो. एवढी होल्स्टरं दोन हातांत कशी मावणार? एक खांद्यावरून घेतलं. दुसरं दुसऱ्या खांद्यावरून. चार पट्ट्यात ओवली, चार गळ्यात घातली. अकरावं काखेत धरतो न धरतो, तोच...

"धरला रे!"

आभाळातून जाळं कोसळलं! मी पडलो. माझ्यावर चार पोरं पडली. बायडीकाकू वल्ह्याने वाळू बडवत ओरडत होती, "बाकीचे धा जन कुठं हायत? बोल! बोल!"

मी काय बोलणार? तोंडात रुमाल आणि रुमालात वाळू! तेवढ्यात सासूबाईंचा आवाज गर्जला, "मेल्यांनो, माझे बोंबील तुडवू नका!" आधी बोंबील! मग त्यांनी वाकून माझ्या पायाकडे निरखून पाहिलं. "अरे, हा तर माझा जावय हाय!"

रूपेशने रुमाल ओढला. "भावजी? तुमी?"

"मीच रे बाबा!"

"तुमी घुसखोरांना कवा मिललात?"

"मिळतोय कसला! मी सकाळपासून इथेच आहे. विचार आईला, त्यांच्याच हातचं जेवलोय!"

"गेल्या वर्सी ते पन जेवलेच होते!" रूपेश म्हणाला.

पण त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, ते पाहून मला खरंच वाईट वाटलं. तो माझ्या कानाशी लागला. "भावजी, फोटू गेलाय. वरच्या आलीची पोरं बघायला येतायत. आजच्या दिस तुमी घुसखोर व्हा ना! ताईची शपथ!"

मी 'हो' म्हणणारच होतो, पण जीप आली. फौजदार प्रतीक्षा मॅडम उतरल्या. जाळ्यात मी, अंगावर अकरा होल्स्टरं, नाकावर बोंबलाचं शेपूट. त्यांनी मला वरून खाली पाहिलं.

"हा आमचा माणूस नाही," त्या म्हणाल्या. "आमची माणसं कुठायत?"

"इथं आहोत, मॅडम!" जाळ्याचं दुसरं टोक धरून उभे असलेले दोघे बर्फवाले म्हणाले.

रूपेशने एकदा बर्फवाल्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग तो एकदम ताठ उभा राहिला. "मॅडम, मग ते पन आमच्याच ताब्यात हायत की! मी सोताच्या हातानं त्यांना जालं धरायला लावलंय. ते हलले काय?"

मॅडमनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते, म्हणजे हसत असाव्यात. "बरं, अर्धी पकडली असं धरते," त्या म्हणाल्या. अर्धी तर अर्धी! खालच्या आळीने असा जल्लोष केला, की विचारू नका. मग मॅडमनी, तज्ज्ञांचं काही न ऐकता, माझं एकेक होल्स्टर उघडून तपासलं.

"आतलं कुठाय?"

"नाहीये, मॅडम! आईशप्पथ नाहीये! कधीच नव्हतं!" त्या दिवशी प्रथमच मला ह्या प्रश्नाचं उत्तर देताना आनंद झाला. मॅडमनी नाव-पत्ता घेतला, 'असली वस्तू चारचौघांत टांगत जाऊ नका' असा दम दिला आणि सोडलं.

"जावयबापू, तुमी चहा घ्या," सासूबाई म्हणाल्या. "मी ट्रंक नीट भरून ठेवते."

मी चहा घेतला आणि बोईसरला परतलो.

रविवारी सकाळी पालघरच्या सभागृहात टेबलावर मी होल्स्टरं मांडली आणि स्वतःच थक्क झालो. काल चपटी पडलेली होल्स्टरं आज टम्म! गोलाई आलेली, अंगात भरलेली!

"बघ, प्रेमला! समुद्राच्या वाऱ्याची कमाल! आकार परत आला!"

"उघडून बघा तरी."

"छे! दिवसभर झाकण उघडायचं नसतं. तज्ज्ञ सांगतात."

"अहो, पण वास येतोय."

"कसला?" मला काहीच येत नव्हता. बोईसरच्या कारखान्यांच्या धुरात एवढी वर्षं काढलेल्या माणसाच्या नाकाकडून तुम्ही काय अपेक्षा करता?

प्रदर्शन सुरू झालं. लोक लांबून हसतमुखाने यायचे, माझ्या टेबलापाशी आले की नाक मुरडून वेगाने पुढे सरकायचे. उजवीकडच्या नाणीवाल्यांनी आपलं टेबल हळूहळू खिडकीपर्यंत नेलं. डावीकडचे काडेपेटीवाले तर रुमाल लावूनच माहिती देत होते. जे थोडे थांबले, त्यांनी हात न लावता लांबूनच विचारलं, "आतलं कुठाय?" टेबलाखाली एक मांजर येऊन बसलं. थोड्या वेळाने त्याचा भाऊबंदही आला. प्रेमला कोपऱ्यात खुर्चीवर हाताची घडी घालून बसली होती. दुपार उलटली तरी 'वा' नाही! 'वा' सोडा, 'बरं आहे' पण नाही! माझ्या डोळ्यांपुढे सालवडचा भंगारवाला आणि त्याचे पाने, पेचकस नाचायला लागले. मला रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी प्रमुख पाहुणे आले. कृष्णकांतराव, निवृत्त पोलीस अधिकारी, पांढऱ्या मिशा, ताठ कणा. ते माझ्या टेबलापाशी आले आणि चक्क थांबले! मनोरचं होल्स्टर त्यांनी अलगद उचललं.

"हे... हे असंच माझ्याकडे होतं," ते म्हणाले. "उभी नोकरी ह्याच्यासोबत केली मी." त्यांनी पट्टा खांद्यावरून घेतला. होल्स्टर कमरेशी आलं. जुन्या सवयीने पाय फाकले, डोळे बारीक झाले, अंगठ्याने पितळी बटण फट्‌कन उडवलं आणि मी "झाकण नको!" म्हणेपर्यंत हात विजेसारखा आत जाऊन बाहेर आला!

कृष्णकांतरावांनी हात लांब करून नाणीवाल्यांवर नेम धरला होता. आणि त्यांच्या मुठीत होता एक सुका बोंबील!

नाणीवाल्यांनी हात वर केले होते.

कृष्णकांतरावांनी बोंबील हळूच नाकाशी नेला. डोळे मिटले. मोठा श्वास घेतला. आणि अगदी पोटातून, मनापासून म्हणाले,

"वा!"

मी प्रेमलाकडे पाहिलं. प्रेमलाने कपाळाला हात लावला होता.

मी भराभर बाकीची दहा उघडली. प्रत्येकात दोन दोन बोंबील, जबड्यात जबडा अडकवून, व्यवस्थित! मी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. "आई, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे?" फोन लांब धरला तरी आवाज सभागृहभर पोचत होता. "जावयाला रिकामी भांडी लावून देत्यात काय? अकरा पिशव्या, एकीत कायबी नाय! मला बघवेना. माझ्या घरून कुनाचा डबा कधी रिकामा गेला नाय!"

आता ह्याला काय म्हणणार? आमच्याकडेही शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत करत नाही. पण होल्स्टर?

कृष्णकांतराव माझ्याकडे वळले. "हे होल्स्टर तुमचं तुम्हालाच शोभतं, ठेवा," ते म्हणाले. "आतलं मात्र मी नेतो." मग काय विचारता! टेबलापुढे ही रांग लागली. नाणीवाले खिडकीपासून परत आले. काडेपेटीवाल्यांनी रुमाल काढला. सगळ्यांना आतलंच हवं होतं! थोड्या वेळात अकराही होल्स्टरं पुन्हा रिकामी झाली आणि उशिरा आलेले लोक हळहळून विचारू लागले, "आतलं कुठाय?"

"संपलं," मी सांगितलं.

घरी येताना मी प्रेमलाला आठवण करून दिली. "म्हणाले ना 'वा'?"

"बोंबलाला म्हणाले."

"अट बोंबलाची नव्हती. एक माणूस, मनापासून, 'वा'! डोळे मिटून म्हणाले की नाही?"

प्रेमला शब्दाची पक्की. तिने खरोखरच कपबश्या काढल्या. शोकेसमध्ये मी स्वतःच्या हाताने अकरा होल्स्टरं मांडली, दिवा लावला आणि माझा ऊर भरून आला. रात्री झोपताना वाटलं, आयुष्यात आता काही मिळवायचं राहिलं नाही.

सकाळी उठून बघतो, तर शोकेस हॉलमध्ये नाही! वॉचमनच्या मदतीने प्रेमलाने ती मागच्या गॅलरीत नेऊन ठेवली होती. "शोकेस तुमची, असं मी म्हणाले होते," ती म्हणाली. "हॉल तुमचा म्हणाले नव्हते. आधी तो वास जाऊ द्या."

वास अजून गेलेला नाही, असं सगळे म्हणतात. मला काय, येतच नाही. पण माझा संग्रह बघायला आता रोज गर्दी असते, हे मी अभिमानाने सांगतो. सोसायटीतली झाडून सगळी मांजरं गॅलरीच्या कठड्यावर ओळीने येऊन बसतात. इतके एकाग्र रसिक मला उभ्या पालघर जिल्ह्यात मिळाले नव्हते. काचेला नाक लावून एकेक होल्स्टर निरखतात. मीही हौसेने त्यांना शिवण दाखवतो, इतिहास सांगतो. ती सगळं शांतपणे ऐकून घेतात, आणि माझं बोलून झालं की माझ्या तोंडाकडे बघून एकसुरात ओरडतात.

काय विचारत असतील, ते तुम्हाला मी सांगायला नको!